वरती एवढे सॅटेलाईट असताना आमच्या गावचा वळीव का सापडत नाही? (खानापूर तालुका)

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची भाताची शेती आणि थोडी काजू. प्रश्न जरा लांबडा आहे पण नीट मांडल्याशिवाय कळायचा नाही म्हणून सगळं लिहितो.

आमच्याकडं धूळवाफ पेरणी असते. वळवानं जमीन मऊ झाली की नांगरट, कुळवट करून मे संपता संपता कोरड्या मातीतच भात पेरायचं आणि मृगाची वाट बघायची. सगळं वेळेवर अवलंबून. पेरल्यावर लगेच धो धो आला तर माती दडपून बसते आणि कोंब वर येत नाही, आणि नुसती एक सर येऊन बी उगवलं नि मग पंधरवडा उघडीप पडली तर वाळून जातं, मग दुबार पेरणी, बियाणं मजुरी ट्रॅक्टरचं भाडं सगळं परत.

गेल्या हंगामात मोबाईलवरचं ॲप रोज ७०-८० टक्के पाऊस दाखवत होतं, आम्ही पेरणी थांबवून बसलो, आमच्या शिवारात थेंब नाही आणि चार-पाच किलोमीटरवरच्या गावात गारा पडून आंब्याचा सडा. असं एकदा नाही, नेहमीचंच झालंय.

तर प्रश्न असे. एक, इस्रोनं हवामानाचा नवीन उपग्रह सोडला, दर अर्ध्या तासाला ढगांचा फोटो येतो म्हणतात, मग वरून सगळं दिसत असताना गावापुरतं का सांगता येत नाही? दोन, ते फोटो आपल्यासारख्यानं फोनवर बघून काही उपयोग होतो का? आणि तीन, टीव्हीवर बातम्या बघतो महाराष्ट्राच्या, अलर्ट येतो कन्नडमधून उत्तर कर्नाटकाचा, आणि आमचं हवामान म्हटलं तर कोकणाला जवळचं. कुणाचं धरायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

ढगवेडा

मी मूळचा बेळगाव वडगावचा, शिक्षण हवामानशास्त्राचं, आता पुण्यात असतो. दादा, प्रश्न फार चांगले विचारलात, एकेक घेतो.

आपल्यावर सध्या मुख्यतः दोन उपग्रह नजर ठेवून आहेत, इन्सॅट-३डीआर (२०१६ साली सोडलेला) आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४). दोन्ही विषुववृत्तावर साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबरच फिरतात म्हणून कायम एकाच भागाकडं तोंड करून असतात. त्यांचा उजेडातला फोटो १ किलोमीटरपर्यंत बारीक असतो, पण रात्री ढग बघायला जो उष्णतेचा फोटो लागतो त्याचा एक ठिपका ४ किलोमीटरचा. म्हणजे तुमचं गाव आणि शेजारचं गाव मिळून एक ठिपका. आणि मुख्य गोष्ट ही की त्या फोटोत पाऊस दिसतच नाही, दिसतो तो ढगाचा माथा. माथा किती थंड आहे त्यावरून ढग किती उंच गेलाय ते काढतात आणि उंचीवरून खाली पाऊस असेल असा अंदाज बांधतात.

पण सॅटेलाईटचं खरं काम फोटोपेक्षा वेगळंच आहे आणि ते कुणाला दिसत नाही. अंदाज काढणारं मॉडेल म्हणजे मोठं गणित, त्याला आत्ता या क्षणाला हवा कशी आहे ते आधी सांगावं लागतं, तापमान, ओल, वारा, सगळं, तेही जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वरपर्यंत. जमिनीवर वेधशाळा आहेत, पणजीहून फुगे सोडतात, विमानातून माहिती येते. अरबी समुद्रावर काय आहे? थोड्या बोयी (पाण्यावर तरंगणारी मोजणीची यंत्रं) आणि जाणारी-येणारी जहाजं. आणि आपला सगळा पाऊस तर तिकडूनच येतो. ती पोकळी सॅटेलाईटनं भरली. ध्रुवावरून फिरणारे उपग्रह असतात, साधारण ८०० किलोमीटर उंचीवरचे, त्यांचे मायक्रोवेव्ह सेन्सर ढगातूनही आरपार बघून वेगवेगळ्या थरातलं तापमान नि ओल सांगतात. इस्रोचा ईओएस-०६ (नोव्हेंबर २०२२) समुद्राच्या लाटांवरून परत येणारा रडार सिग्नल मोजून पाण्यावरचा वारा किती आणि कुठल्या दिशेचा ते काढतो. इन्सॅटच्या लागोपाठच्या फोटोंत ढग किती सरकला त्यावरून वरचा वारा काढतात. आज मोठ्या मॉडेलमध्ये जाणारी बहुतेक माहिती सॅटेलाईटचीच असते. त्यामुळं पाच दिवसांनी कोकण किनाऱ्यावर जोर वाढणार का, कमी दाबाचा पट्टा कुठं बनतोय, हे आता जेवढं बरोबर येतं तेवढं पूर्वी येत नव्हतं.

मग तुमचा वळीव का चुकतो? कारण तो फार लहान आहे. ढग काही किलोमीटर रुंद, तासाभरात बनला, कोसळला, संपला. आपलं मुख्य जागतिक मॉडेल आत्ताआत्तापर्यंत १२ किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करत होतं, मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टिम आली ती ६ किलोमीटरची, पुण्याच्या आयआयटीएमनं (हवामान संशोधन संस्था) केलेली. फरक पडलाय, पण ६ किलोमीटरची चौकट म्हणजे तरी वळवाचा अख्खा ढग एका घरात मावला. चुलीवर आधण ठेवलं की पाणी उकळणार हे नक्की, पहिला बुडबुडा कुठून उठेल ते कुणी सांगू शकत नाही, वळवाचं तसं आहे. हवेत ओल किती, वर थंड हवा आहे का, एवढं मॉडेलला कळतं आणि म्हणून ते ७० टक्के म्हणतं. कुठल्या डोंगराच्या उतारावर पहिला ढग उठेल आणि त्याच्यातून खाली आलेली गार हवा शेजारी दुसरा ढग उभा करेल की नाही, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.

अजून एक बघा. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं तेव्हा त्याचा हिशोब ठरलेला असतो, त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे 'तुरळक'मध्ये चारातले तीन भाग कोरडे राहिले तरी त्यांचा अंदाज बरोबरच धरतात. वळवाच्या दिवसात हे लक्षात ठेवूनच वाचा.

शाळेतला_पर्जन्यमापक

वरच्यांनी वळवाचं बरोबर सांगितलं, मी मान्सूनचं सांगते कारण तिथं उलटं होतं. मी खानापूर तालुक्यातच हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळेच्या मैदानात साधा पर्जन्यमापक आहे, सकाळी साडेआठला पोरं मोजतात आणि वहीत लिहितात (सुट्टीच्या दिवशी शिपाई मामा मोजतात, त्यांचं खरंच कौतुक आहे). मुलांना दाखवायला म्हणून मी सॅटेलाईटवरून काढलेले पावसाचे आकडे शेजारी लिहायला लावले, नासा आणि जपानच्या जीपीएम मोहिमेचे, ते दर अर्ध्या तासाला साधारण १० किलोमीटरच्या चौकटीत मिळतात आणि फुकट आहेत.

वळवाच्या दिवशी दोन्हीत बऱ्यापैकी मेळ बसायचा. जुलै-ऑगस्टात मात्र आमच्या मापकात पाणी काठोकाठ आणि सॅटेलाईटचा आकडा त्याच्या निम्म्याच्याही आत, असं वारंवार. पोरांनी विचारलं टीचर आपलं माप खोटं हाय का. मग मी वाचलं तेव्हा कळलं की घाटात हे सगळीकडं होतं. पश्चिमेकडून आलेली ओली हवा सह्याद्रीला आपटून वर चढते आणि बुटक्या ढगांतूनच दिवसभर पाऊस ओतत राहते, त्या ढगांचे माथे उंच नसतात म्हणून थंडही नसतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं हा ढग किरकोळ आहे. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला पाणी कोसळत असतं आणि उष्णतेच्या फोटोत नुसता राखाडी पडदा दिसतो.

म्हणून माझं म्हणणं, घाटातल्या पावसासाठी जमिनीवरचं माप हवंच. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत, त्यांचे आकडे बेंगळूरच्या राज्य आपत्ती केंद्राकडं जातात, ही आपल्या राज्याची फार मोठी जमेची बाजू आहे आणि आपल्या मराठी मंडळींना ती माहीतच नसते. आपल्या गावचा मापक कुठं आहे, तो चालू आहे का, त्यावर झाडाची फांदी आलीय का, एवढं जरी बघितलं तरी पुष्कळ.

निपाणी_नदीकाठ

खानापूरकरांचं चाललंय चांगलं, मी जरा आमच्या बाजूचं सांगतो. आमच्यात पावसापेक्षा नदीची भीती जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, ट्रकांच्या रांगा. २०२१ च्या जुलैत परत तेच. आणि त्या दिवसांत आमच्या गावात पाऊस काही फार मोठा नव्हता हो, पाणी सगळं वरून, राधानगरी-भुदरगड पट्ट्यातून आलं, काळम्मावाडी धरण तिकडं, पाटगाव धरण तिकडं, आणि आमचं शिवार खाली. म्हणजे मी निपाणीचं हवामान बघून उपयोग शून्य, मला कोल्हापूर घाटमाथ्याचा अंदाज बघायला पाहिजे. जांबोटीवाले दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे बघा, जिथून पाऊस किंवा पाणी येतं तिथलं बघायचं, मग ते कुठल्या राज्यात का असेना.

आमच्या घरी आता पद्धत अशी, जुलै लागला की कोल्हापूर घाटाला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आहे का ते रोज बघायचं. २४ तासात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की त्यांच्या भाषेत जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. घाटाला सलग अतिजोरदार सांगितला आणि धरण आधीच भरत आलेलं असलं की आई जनावरं वरच्या वस्तीवर न्यायला सांगते, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढून घेतो. पूर्वी पाणी मळ्यात शिरलं की धावपळ, आता निदान एक-दोन दिवस आधी हालचाल होते. सॅटेलाईटचा उपयोग मला इथं कळतो.

एक विचारायचं होतं, पुराच्या वेळी ढग दाटलेले असतात मग पाणी कुठवर पसरलं त्याचा नकाशा वरून कसा काढतात?

ढगवेडा

@निपाणी_नदीकाठ त्यासाठी रडारवाले उपग्रह असतात, इस्रोचा ईओएस-०४, युरोपचा सेंटिनेल-१. ते स्वतःच लहरी खाली सोडतात त्यामुळं ढग आणि रात्र दोन्हीची अडचण नाही. साचलेल्या सपाट पाण्यावरून लहर पुढं निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं आणि ऊस, घरं उजळ. पूर आला की हैदराबादचं एनआरएससी (इस्रोचंच केंद्र) असे नकाशे काढतं. फक्त हे उपग्रह एकाच जागेवरून रोज जात नाहीत, त्यामुळं पाणी चढतंय का उतरतंय हे तासातासाला त्यातून कळायचं नाही. नंतर नुकसानीचा पंचनामा करताना मात्र कुठल्या शिवारात खरंच पाणी होतं याचा तो पुरावा होऊ शकतो, ते नकाशे जपून ठेवत जा.

@शाळेतला_पर्जन्यमापक मॅडम, ती वही टाकू नका. घाटातला सॅटेलाईटचा आकडा सुधारायला अशाच नोंदी लागतात, जमिनीवरच्या मापाशी ताडून बघितल्याशिवाय वरचा आकडा दुरुस्त होत नाही.

चोर्ला_घाट_रोजचा

सॅटेलाईट सॅटेलाईट करताय पण वळवाला रडार पाहिजे ओ. मी बेळगाव-पणजी गाडी चालवतो. रडार पाऊसच दाखवतं, माथा नाही. गोव्याला डॉप्लर रडार आहे, त्याचं चित्र मी फोनवर बघतो, गोव्यातला पाऊस बरोबर दाखवतं, घाट चढून वर आलो की बेळगाव साईडला निम्मं काही दिसत नाही. असं का?

ढगवेडा

कारण मध्ये सह्याद्री आहे. रडारचा किरण जवळजवळ आडवा जातो, डोंगर खालचा भाग अडवतो आणि जो वरून निघून येतो तो पृथ्वीच्या गोलाईमुळं आपल्याकडं पोचेपर्यंत जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर वर गेलेला असतो, त्याच्या खालचं त्याला दिसत नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, घाटाच्या अलीकडं आपल्या बाजूला रडार असणं फार गरजेचं आहे, त्यासाठी आपण सगळ्यांनी मागणी लावून धरली पाहिजे. पण आज जे हातात आहे त्यात आपल्या शिवारावर सतत नजर ठेवणारा सॅटेलाईटच आहे.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आता मला सांगा मी उद्या मे महिन्यात दुपारी शेतात उभा आहे, फोन हातात आहे, तर बघायचं काय आणि कसं? आणि पेरायचं की नाही हे वळवावरून ठरवायचं की मान्सूनवरून? आमचे काका नक्षत्रावरून ठरवतात, रोहिणी बरसली की पेरा म्हणतात.

ढगवेडा

काकांचं अगदी सोडू नका, रोहिणी म्हणजे २५ मे च्या आसपास, त्या वेळी वळीव होतोच हा पिढ्यांचा अनुभव आहे. फक्त त्या वर्षी मागून मान्सून वेळेवर येणार का हे नक्षत्र सांगत नाही. २०२३ आठवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झालं, मान्सून केरळात ८ जूनला आला आणि नंतर आपल्याकडं पाऊस लांबला, वादळ १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं. त्या वर्षी वळवावर भरवसा ठेवून पेरलेल्यांची अडचण झाली. ते वादळ कुठं आहे, किती ताकदीचं आहे, डोळा बनलाय का, हे रोज सॅटेलाईटवरूनच ठरवत होते, समुद्रात मधोमध जाऊन मोजणारं आपल्याकडं कुणी नसतं.

म्हणून पेरणी वळवावरून ठरवू नका. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत आपल्या भागात सरासरीपेक्षा कमी की जास्त हे बघा. आकडा गावाचा नसतो पण उघडीप येणार असेल तर कल्पना येते, आणि तुमची दुबार पेरणी तर उघडिपीनंच होते. मेघदूत ॲपवर मंगळवार-शुक्रवार शेतीचा सल्ला येतो तोही वाचा, बेळगाव जिल्ह्याचा कन्नडमध्ये असतो, घरात कुणीतरी कन्नड शाळेत शिकलेलं असतंच की, त्यांच्याकडून वाचून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या नावानंसुद्धा पाच दिवसांचा अंदाज मिळतो, पण पंचायतीचं नाव असलं तरी आकडा मॉडेलच्या चौकटीतून काढलेला असतो हे ध्यानात असू द्या.

आता दुपारचं. हवामान खात्याच्या साईटवर किंवा मोसडॅकवर (इस्रोची हवामानाची साईट) इन्सॅटचा फोटो उघडा, उष्णतेचा, तिथं जेवढं पांढरं तेवढा माथा थंड. पहिल्यांदा कोपऱ्यातली वेळ बघा, ती ग्रीनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. फोटोवर ०९३० लिहिलं असेल तर तो आपल्या दुपारी ३ चा. खूप जण इथंच फसतात, जुना फोटो बघून ढग लांब आहे समजतात. मग एकच फोटो बघून काही ठरवू नका, लागोपाठचे तीन बघा. ठिपका आधी नव्हता, मग करडा झाला, मग पांढराशुभ्र नि कडा धारदार, म्हणजे ढग जोरात वर चढतोय, गारा-वारा-वीज तिथंच. पांढरा भाग पसरून कडा विस्कटल्या, धुरकट झाल्या की त्याचा जोर ओसरला, खाली नुसती रिपरिप. आपल्याकडं वळवाचा ढग बहुतेक वेळा पूर्वेकडून चढत येतो, म्हणून बैलहोंगल-कित्तूर बाजूला काय उभं राहतंय तिकडं लक्ष ठेवा. तासभर आधी एवढं कळलं तरी खळ्यावरचं झाकायला, माणसं घरी आणायला वेळ मिळतो.

विजेसाठी दामिनी ॲप वेगळं. ते सॅटेलाईटवर चालत नाही, जमिनीवरच्या सेन्सरचं जाळं आहे आयआयटीएमचं, तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर दाखवतं. ते मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर पाहिजेच.

अलर्टचं म्हणाल तर बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात मोडतो, त्यात विजापूर, कलबुर्गी, बीदरही येतात. जिल्ह्याच्या कोरड्या टोकाच्या अथणीत आणि घाटातल्या कणकुंबीत पावसाचा किती फरक आहे ते तुम्हीच जाणता. म्हणून विभागाचा मथळा सोडून द्या, जिल्ह्याचा अलर्ट बघा आणि सोबत दक्षिण कोकण-गोवा आणि कोल्हापूर घाटाचा बघा. तिन्ही एका रंगात असले की खानापूरच्या पश्चिमेला नक्की जोर असतो.

शाळेतला_पर्जन्यमापक

एक राहिलं. आमच्याकडं निम्म्या वाड्यांवर दुपारी नेट चालत नाही आणि पाऊस आला की टॉवरच बंद. अशा वेळी वरुण मित्र म्हणून राज्याची हेल्पलाईन आहे, चोवीस तास, साध्या फोनवरून लावायची, आपलं गाव आणि होबळी (तालुक्यातला काही गावांचा महसुली गट) सांगितलं की तिथला पाऊस नि अंदाज सांगतात. कन्नडमध्ये बोलावं लागतं, पण गाव, पाऊस, उद्या एवढे शब्द आपल्या सगळ्यांनाच येतात.

जांबोटी_रोड

हे मला माहीतच नव्हतं मॅडम. नंबर रयत संपर्क केंद्रातून (कृषी खात्याचं ऑफिस) घेतो आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आणि ढगवेडा दादा, ग्रीनिचच्या वेळेचं ते खरंच लाख मोलाचं सांगितलंत, आत्ताच फोटो उघडून बघितला, १२०० लिहिलंय म्हणजे साडेपाचचा.

ढगवेडा

बरोबर. आणि शेवटचा पांढरा ढग कुठं दिसतोय तुमच्यापासून?

जांबोटी_रोड

धारवाडच्या अलीकडं एक आहे, कडा धारदार आहेत. पुढचा फोटो आला की इथंच टाकतो.